एकही गाठ न ठेवणारा मॅशर

मित्रांनो, मी बटाटे कुस्करायचा एक जुना मॅशर आहे आणि स्वभावाने जळका आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल की मॅशरने फसवलं. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती झिजलो ते सांगतात. झिजलो तर मीही. पण झिजण्यापेक्षा मी जळलोच जास्त. आधी साखरेच्या डब्यावर जळलो, मग सुरीवर, मग मसुराच्या पातेल्यावर. आणि मुठीत मावेल एवढ्या एका मशीनवर तर असा जळलो की विचारू नका. पोट नसताना पोटात कसं दुखतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. आमच्या बाईंचे वडील तिथे लेथवर काम करायचे. बाईंचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी उरलेल्या स्टीलच्या पत्र्यातून एक गोल चकती कापली आणि तिला सदतीस भोकं पाडली. प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून अशी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तरी कुठे खरवडू नये. मोडक्या खुर्चीच्या पायातून माझी मूठ घडवली. मग मला जुन्या कागदात गुंडाळून त्यांनी लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हा घे. याच्यातून एकही गाठ सुटायची नाही."

बाईंनी ते वाक्य जपून ठेवलं. मीही ठेवलं. एकही गाठ सुटू द्यायची नाही, हा माझा धर्मच झाला.

बाईंचे यजमान बस चालवतात. सत्तावीस वर्षं झाली त्यांना. त्यांना मी मनातल्या मनात 'आमचे ड्रायव्हर' म्हणतो. ड्रायव्हरांची सकाळ उजाडायच्या आत सुरू होते. पहिली गाडी त्यांची. त्यामुळे त्यांचं जेवण नेहमी घाईचं, एक डोळा घड्याळावर आणि दुसरा ताटावर. बाईंनी त्यावर उपाय काढला. बटाटे गरम असतानाच माझ्याखाली घालायचे, लोणी सोडायचं आणि ढगासारखं मऊ करून वाढायचं. ड्रायव्हर चार मिनिटांत ताट रिकामं करायचे आणि जाता जाता म्हणायचे, "तुझ्या हातचं चावावं लागत नाही बघ. आपोआप खाली उतरतं."

बाई खुश व्हायच्या. पण मित्रांनो, ते कौतुक खरं तर कोणाचं होतं? माझंच. मी फडक्याने पुसला जाऊन गॅसशेजारच्या खिळ्यावर लटकायचो आणि दिवसभर तोऱ्यात असायचो. त्या स्वयंपाकघरात मला एकच गोष्ट सलायची. साखरेचा डबा. मी दिवसातून एकदा खाली उतरायचो, तो चारदा उतरायचा. चहा आला की तो हवा, पाहुणा आला की तो हवा. त्याने केलं काय? नुसता चमचा घालून घ्यायचा. मी घाम गाळायचो आणि मिरवायचा तो. तीसएक वर्षं मी त्याला पाण्यात पाहिलं.

मग एक दिवस डेपोतल्या डॉक्टरांकडे ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी झाली. त्या दिवशी ते घरी आले आणि बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले.

"काय म्हणाले डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

"शुगर आहे म्हणाले. तीन महिन्यांची सरासरी काढतात ना, ती साडेनऊ आली. गोळ्या दिल्यात." ड्रायव्हर बुटाची नाडी सोडू लागले. "आणि तीन महिन्यांनी परत बोलावलंय. आठच्या खाली आली नाही तर गाडी काढून घेणार. डेपोच्या फाटकावर बसवतील, गाड्यांची आवकजावक लिहायला."

ड्रायव्हरांना फाटकावर बसलेलं मी डोळ्यांपुढे आणू शकलो नाही. हा माणूस जेवताना सुद्धा डावा पाय क्लचवर असल्यासारखा दाबतो.

बाई उठल्या, त्यांनी साखरेचा डबा उचलला आणि स्टूल घेऊन कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे ढकलून दिला. खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ड्रायव्हरांना आजार झाला याचं दुःख होतं, पण डबा गेला याचा आनंद त्याहून मोठा होता.

आणि पुढे तर माझे सुवर्णदिवस आले. बाईंच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती: आजारी माणसाला पचायला हलकं द्यायचं. तापात आपण काय देतो? मऊ, गिळगिळीत, दात न लागणारं. मग शुगरच्या आजारातही तेच द्यायचं. बाईंचं चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. बटाटे तर मी कुस्करत होतोच, आता भातही जास्त शिजवून माझ्याखाली येऊ लागला. लाल भोपळा आला. पिकून मऊ झालेली केळी आली. पावाची कड कापून आतला मऊ भाग दुधात भिजवून तोही माझ्याखाली आला. तोही साधा पांढरा पाव नव्हता बरं का, बाईंनी मुद्दाम तपकिरी रंगाचा आणला होता. साखरेचा एक कण घरात दिसत नव्हता. मी दिवसातून तीनदा खिळ्यावरून उतरत होतो. वडील असते तर त्यांची छाती अभिमानाने फुगली असती, असं बाई एकदा म्हणाल्यासुद्धा.

आमच्या सुखाला नजर लागली ती ड्रायव्हरांच्या धाकट्या बहिणीची. एका लॅबमध्ये रक्त तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. नुकतीच स्वेच्छेने लवकर निवृत्ती घेतली होती त्यांनी. बाई त्यांना 'वन्सं' म्हणतात, आणि तो शब्द त्या अशा काही मधाळपणे उच्चारतात की ऐकणाऱ्याने जरा जपूनच राहावं. तर या वन्सं एका दुपारी आल्या आणि पिशवीतून चेन लावलेली एक काळी डबी काढून ओट्यावर ठेवली. आत एक मशीन होतं.

"दादा, रोज सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर दोन तासांनी एकदा. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा. आकडा येईल तो कॅलेंडरवर लिहायचा."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ड्रायव्हर पहाटे उठले की पाणी प्यायच्या आधी, बाईंशी बोलायच्या आधी, चष्मा लावून त्या मशीनपुढे बसायचे. मशीन 'टीक' करायचं. बाई हातातलं काम टाकून बघायला यायच्या. दोघांचा श्वास अडकायचा. माझ्याकडे असा श्वास रोखून कधी कोणी पाहिलं नव्हतं. मी तीस वर्षं मनगट दुखेपर्यंत राबलो आणि हे परवा आलेलं मशीन एका थेंबावर घरातलं पहिलं माणूस होऊन बसलं. रात्री त्याला मऊ डबीत निजवायचे. मला खिळा.

आकडे मात्र वाईट येत होते. सकाळी एकशे सत्तर, जेवणानंतर अडीचशे, कधी दोनशे सत्तर. बाई चक्रावल्या. साखर नाही, मिठाई नाही, तरी हे कुठून येतं? मग त्यांना संशय आला. एका संध्याकाळी खुंटीवर टांगलेल्या गणवेशाचे खिसे त्या चाचपत होत्या आणि ड्रायव्हर दारात उभे.

"काय शोधतेयस?"

"काही नाही. खडीसाखर, गोळ्या, काही सापडतंय का ते बघतेय. डेपोत खाता ना तुम्ही चोरून?"

ड्रायव्हरांचा चेहरा उतरला. "सत्तावीस वर्षांत एकदाही सिग्नल तोडला नाही मी. आणि तू माझे खिसे तपासतेस?"

त्या रात्री दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी मात्र खिळ्यावर गारेगार होतो. मला वाटलं, आता त्या मशीनवरचा विश्वास उडेल. खोटं बोलतंय म्हणून परत पाठवतील. कोणाच्याही मनात माझं नाव नव्हतं, आणि माझ्या तर अजिबातच नव्हतं.

नाव आलं ते रविवारी. वन्सं जेवायला थांबल्या. ड्रायव्हरांच्या ताटात मी केलेला बटाट्याचा पांढरा ढग, शेजारी कुस्करलेला भात. वन्संनी ताटाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरांकडे, मग पुन्हा ताटाकडे.

"वहिनी, हे रोज असंच?"

"पचायला हलकं नको का द्यायला? साखर तर आम्ही घरातून हद्दपार केलीय," बाई म्हणाल्या.

वन्संनी वाद घातला नाही. त्या लॅबवाल्या. त्यांनी वजनकाटा मागवला. नऊ दिवस त्या रोज रात्री जेवणाच्या वेळी येऊन बसायच्या. पहिले तीन दिवस दोनशे ग्रॅम बटाटा, गरमागरम, माझ्याखाली कुस्करून. पुढचे तीन दिवस तेवढाच बटाटा, तेवढंच लोणी, पण सालीसकट उकडून, रात्रभर फ्रिजमध्ये गार करून, सुरीने फोडी केलेला. शेवटचे तीन दिवस निम्मा बटाटा तसाच आणि निम्मे उकडलेले काबुली चणे. "एका दिवसाच्या आकड्यावर कधी जायचं नाही," त्या म्हणाल्या, "माणसाचं शरीर रोज वेगळं वागतं." माझ्या दिवसांचे आकडे अडीचशेच्या पुढे गेले. सुरीच्या दिवसांचे दोनशे दहाच्या आसपास थांबले. चण्यांच्या दिवसांचे एकशे सत्तर. वन्संनी कॅलेंडरवरचे आकडे एकाखाली एक लिहून बाईंपुढे धरले.

"साखर डब्यात नव्हती वहिनी. या मॅशरखाली होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साखर? मी, ज्याने त्या डब्याशी आयुष्यभर वैर केलं?

मग वन्सं समजवायला बसल्या. त्यांचं बोलणं मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण खिळ्यावरून जाणार कुठे? त्या म्हणाल्या की भात, बटाटा, पाव, केळं, या सगळ्यांची पोटात शेवटी साखरच होते. प्रश्न फक्त किती वेगाने होते हा. त्या वेगाला एक आकडा असतो, त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजचे शंभर धरायचे. सत्तरच्या पुढचे पदार्थ धावत सुटणारे, पंचावन्नच्या आतले सावकाश चालणारे, मधले मधले. कुस्करलेला गरम बटाटा पंच्याऐंशीच्या घरात जातो. मसूर आणि चणे तिशीच्या आसपास. जव म्हणजे सातूचे अख्खे दाणेही तसेच.

"पण बटाटा तर एकच आहे ना," ड्रायव्हर म्हणाले. "कुस्करला काय, चिरला काय."

"फरक पडतो दादा. पोटाचं अर्धं काम मॅशरने ताटातच करून टाकलं, मग पोटाला वेळ लागणार कशाला? साल असली, फोडी असल्या, चावायला लागलं, की वेळ लागतो. शिजवून गार केला की त्यातला थोडा भाग लवकर पचत नाही."

ड्रायव्हर थोडा वेळ टेबलावर बोट आपटत बसले. मग म्हणाले, "म्हणजे असं. गाडीत पन्नास माणसं आहेत. प्रत्येक थांब्यावर पाच-पाच उतरली तर रस्ता मोकळा राहतो. मी एकही थांबा न घेता गाडी पळवली आणि पन्नासच्या पन्नास शेवटच्या थांब्यावर एकदम उतरवली, तर तिथे चेंगराचेंगरी."

"अगदी बरोबर. आणि माणसंच शंभर भरली तर थांबे घेऊनही गर्दी होणारच. म्हणून आकडा कमी आहे म्हणून पातेलंभर खायचं नाही. उलटंही खरं आहे. कलिंगडाचा आकडा मोठा, पण त्यात पाणीच जास्त. एका फोडीने काही बिघडत नाही." वन्संनी मग पावाचं पाकीट उलटं करून वाचलं. "मैदा, आणि पुढे रंग. वहिनी, हा पांढराच पाव आहे, फक्त कपडे बदलून आलाय."

बाई कसनुसं हसल्या. मला ते हसणं ओळखीचं वाटलं. मी हसू शकलो असतो तर तसाच हसलो असतो.

"आणि हा मॅशर आता थोडे दिवस ठेवून द्या," वन्सं जाता जाता म्हणाल्या.

"माझ्या बाबांनी केलाय तो."

"टाका असं नाही म्हणाले मी वहिनी. ठेवून द्या म्हणाले."

त्या घरात फक्त मीच जळका नव्हतो, हे मला त्यानंतर कळलं. ड्रायव्हर आता डेपोतून बहिणीला फोन करायचे. ताई, आज मसूर खाऊ की वाटाणे? धाकटी असून तिला ताई म्हणतात ते, लाडाने. बाई ओट्याशी उभ्या राहून ते ऐकायच्या आणि पातेली जरा जास्तच आवाज करून मांडायच्या. तीस वर्षं 'आज काय करू' हा प्रश्न त्या त्यांना विचारत आल्या होत्या आणि 'तू करशील ते' हे उत्तर ऐकत आल्या होत्या. आता उत्तर दुसऱ्या घरातून येत होतं. एका संध्याकाळी त्यांचा बांध फुटला.

"आकडे बघूनच जेवायचं असेल तर आकडेच वाढते ताटात. माझ्या हाताची काय गरज?"

ड्रायव्हर घाबरले. भांडण त्यांना झेपत नाही. "अगं, तसं नाही. कर तुला हवं ते. ते मशीन राहू दे चार दिवस."

बाईंनी मला खिळ्यावरून काढलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, आणि माझ्या मनात विजयाचा नगारा वाजत होता. चार दिवसांचे आठ झाले. काळी डबी कपाटात चेन बंद करून पडली. मी दिवसातून तीनदा उतरत होतो, लोणी दुप्पट, गाठ एकही नाही. ड्रायव्हर मुकाट्याने गिळत होते. त्यांना सारखी तहान लागायची आणि ते रात्री तीनदा उठायचे, हे मी पाहत होतो. पाहूनही मला काही वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं की डबी आत आहे आणि मी बाहेर.

नवव्या दिवशी ड्रायव्हर भर दुपारी घरी आले. एवढ्या लवकर ते कधी येत नाहीत. त्याच स्टुलावर बसले.

"गाडी मधेच उभी केली मी आज," ते म्हणाले. "समोरच्या थांब्याची पाटी वाचता येईना. सगळं पुसट. रोजचा रस्ता म्हणून थांबा कळला. गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि कंडक्टरला म्हटलं, डेपोला फोन लाव, दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं." त्यांनी तळहातांनी डोळे चोळले. "अठ्ठेचाळीस माणसं होती गं आत. एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन पहिल्याच सीटवर."

बाई जागच्या जागी उभ्या होत्या.

"वन्संना सांगितलंत?"

"नाही. आधी तुला सांगायला आलो."

बाईंनी कपाट उघडलं आणि काळी डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. ड्रायव्हरांनी बोट टोचलं. आकडा आला तीनशे बारा. बाईंनी तो कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिला. मग फोन उचलला.

"वन्सं, मी बोलतेय. आज तुमच्या दादांना डॉक्टरांकडे घेऊन जायचंय, तुम्ही येता का? आणि ते जवाचे दाणे म्हणालात ना, ते भिजवायचे किती तास?" या वेळी त्यांच्या 'वन्सं'मध्ये मध नव्हता. साधा आवाज होता.

त्या संध्याकाळी बाईंनी मला गरम पाण्याने धुतलं, कोरडं पुसलं, मुठीवर तेलाचा हात फिरवला आणि दाराच्या मागच्या खिळ्यावर नेऊन अडकवलं. रागाने नाही. रागाने अडकवलं असतं तर बरं वाटलं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या अठ्ठेचाळीस माणसांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो. तरी पहिल्या सीटवरचं ते तान्हं मूल माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मला लाज वाटली, मित्रांनो. जन्मात पहिल्यांदा.

पण लाज वाटली म्हणून जळणं थांबतं असं समजू नका. दाराच्या फटीतून मला अर्धं स्वयंपाकघर दिसायचं आणि तेवढं जळायला पुरेसं होतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, डोळे तपासून घ्यायला लावले आणि डोळे निवळेपर्यंत पंधरा दिवस गाडीला हात लावू दिला नाही. घरात मसुराचं पातेलं रोज चढू लागलं आणि प्रत्येक उकळीबरोबर त्याचा भाव वाढू लागला. सुरी तर इतकी शेफारली की तिला धार लावून आणली. बटाटा येत होता, पण आदल्या दिवशी उकडलेला, सालीसकट, दोन-तीनच फोडी, आणि आधी काकडी, कोबी, मग चणे, मग तो. फळं रस न काढता अख्खी. जेवल्यावर दोघं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून यायचे.

एक नवाच आवाजही त्या घरात येऊ लागला. आधी मला कळेना कसला. मग लक्षात आलं, ड्रायव्हर चावत होते. तीस वर्षांत मी त्या माणसाचे दात वापरात आलेले ऐकले नव्हते. चार मिनिटांचं जेवण वीस मिनिटांवर गेलं. त्या वीस मिनिटांत दोघं बोलायचे. पूर्वी एवढं कधी बोलले असतील असं वाटत नाही, कारण माझ्यामुळे त्यांना तेवढा वेळच मिळत नव्हता. या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. मी एवढी वर्षं त्यांच्या सेवेला होतो आणि हे काही मला त्यांना देता आलं नव्हतं.

माझी मूठ कोरडी पडली. चकतीवर धूळ बसली. सदतीसपैकी एका भोकात कोळ्याने धागा ताणला. दार उघडलं की भिंतीवर आपटायचो, बंद झालं की अंधारात जायचो.

तीन महिने झाले तेव्हा ड्रायव्हर सकाळीच डेपोतल्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी त्या दिवशी एकच वाटी तीनदा धुतली. वन्सं येऊन टेबलाशी बसल्या होत्या, पण दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दार उघडलं आणि मी नेहमीसारखा भिंतीवर आपटलो.

"किती?" दोघी एकदम म्हणाल्या.

"सात पॉइंट नऊ."

वन्संनी डोळे मिटून घेतले. "फक्त एका दशांशाने, दादा."

"एका दशांशाने का असेना, गाडी माझीच आहे. सहा महिन्यांनी परत बोलावलंय, सातपर्यंत आणा म्हणाले." ड्रायव्हरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाईंना म्हणाले, "आज तू तुला हवं ते कर."

बाई दाराकडे आल्या. दारामागे हात घातला. मित्रांनो, माझ्या सदतीसच्या सदतीस भोकांतून जीव वर आला. मला वाटलं, आता बटाटे, आता लोणी, आता तो ढग. त्यांनी कोळ्याचा धागा पुसला, मला धुतलं आणि पातेल्यावर धरलं. खाली पाहतो तर उकडलेले चणे, थोडं तेल, लिंबाचा रस.

"वन्सं, एवढं चालेल ना?"

"चणे थोडे कुस्करले तरी फार बिघडत नाही वहिनी. हळूहळूच पचतात ते. दाणे दिसू द्या म्हणजे झालं."

बाईंनी मला दाबलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी सवयीने पातेल्याच्या तळापर्यंत जायला निघालो होतो, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. माझ्याखाली निम्मे चणे अख्खे होते. असं काम मी आयुष्यात अर्धवट सोडलं नव्हतं.

ड्रायव्हरांनी घास घेतला आणि म्हणाले, "अगं, गाठी राहिल्यात की यात."

"राहू देत," बाई म्हणाल्या. "चावून खा. आपल्याला घाई नाही."

दोन तासांनी ड्रायव्हरांनी बोट टोचलं. मशीन 'टीक' झालं. एकशे अठ्ठेचाळीस. मी ओट्यावर पालथा घालून वाळत होतो आणि ते मशीन माझ्याशेजारी ठेवलं होतं. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. ते मला आवडलं असं नाही म्हणणार मी, ते मला अजूनही आवडत नाही. पण त्या दिवशीच्या आकड्यात थोडासा वाटा माझा होता, आणि ते त्यालाही माहीत होतं.

आता मी पुन्हा गॅसशेजारच्या खिळ्यावर असतो. आठवड्यातून दोनदा उतरतो, कधी चण्यांसाठी, कधी मसुरासाठी. बटाटा माझ्याखाली क्वचित येतो, घासभर. तुम्हाला माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातही कोणीतरी असेल, तुमच्यावर जीव लावून सगळं मऊ, सोपं आणि गोड करून देणारं. त्याला रागावू नका, अडगळीत टाकू नका. फक्त त्याचा हात धरा आणि कुठे थांबायचं ते सांगा. मलाही कोणीतरी तिसऱ्या दाबाला थांबवलं, म्हणून आमचे ड्रायव्हर आज पहाटे पहिली गाडी घेऊन गेले.